'कार्यवाही सुरू आहे' हे उत्तर नको असेल, तर या चुका टाळा

नाल्याची दुर्गंधी, रस्त्याकडेला पेटवलेला कचरा, पावसाळ्यात लावलेली आणि संक्रांतीपर्यंत वाळून गेलेली रोपं. अशा तक्रारी घेऊन पालिकेत जाणारे कमी नाहीत. हे काम आमचं नाही, असं पालिकेलाही सहज म्हणता येत नाही. 74व्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीत नागरी संस्थांच्या 18 विषयांपैकी आठवा विषय नागरी वनीकरण आणि पर्यावरण संरक्षणाचाच आहे. तरीही महिन्याभराने हाती पडतं ते एका ओळीचं पत्र: 'सदर प्रकरणी उचित कार्यवाही सुरू आहे.' यात अधिकाऱ्यांची टाळाटाळ असतेच, पण बऱ्याचदा आपला प्रश्नच असा असतो की त्याला एवढं उत्तर पुरतं.

'का?' विचारणं

ही सगळ्यात मोठी चूक. 'आमच्या प्रभागात लावलेली झाडं का जगत नाहीत?' हे निवेदनात खुशाल लिहा, पण माहिती अधिकाराच्या अर्जात त्याचा उपयोग नाही. 2005 च्या कायद्यानुसार मिळते ती नोंदीच्या रूपात असलेली माहिती. 'का केलं' किंवा 'का केलं नाही' याचं स्पष्टीकरण देणं जनमाहिती अधिकाऱ्यावर, म्हणजे अर्जाला उत्तर देणाऱ्या अधिकाऱ्यावर, बंधनकारक नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने 2008 मध्येच सांगितलं आहे.

म्हणून कारण नव्हे, कागद मागा. वृक्षलागवडीचंच घ्या. अर्जात एवढंच लिहा: अमुक आर्थिक वर्षात अमुक प्रभागात लावलेल्या रोपांची जागानिहाय यादी, त्या कामाचा कार्यादेश (ठेकेदाराला दिलेला कामाचा आदेश) अटी-शर्तींसह, अदा केलेली देयकं, मोजमाप पुस्तिकेतली (झालेल्या कामाची मापं नोंदवायच्या वहीतली) संबंधित पानं आणि लागवडीनंतर झालेल्या पाहणीच्या नोंदी. यादी हाती आली की चार शेजारी घेऊन त्या जागांवर चालत जा आणि उभी असलेली रोपं मोजा. मेलेल्या रोपाच्या जागी नवं रोप लावायची अट कार्यादेशात असेल, जागेवर नुसता खड्डा असेल आणि देयक मात्र पूर्ण निघालेलं असेल, तर 'का' वेगळं विचारावंच लागत नाही.

महाराष्ट्राच्या नियमांत आणखी एक मेख आहे. एका अर्जात एकच विषय आणि शब्दमर्यादा 150. नाला, कचरा, झाडं आणि जमलंच तर फेरीवालेसुद्धा एकाच अर्जात कोंबले, की तो बाजूला पडलाच म्हणून समजा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून प्रत्येक विषयाचा वेगळा अर्ज करा.

सगळ्याच्या झेरॉक्स मागायचीही गरज नाही. कायद्याने अभिलेख पाहण्याचा, कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही हक्क दिलाय. हा हक्क फार थोडे लोक वापरतात. जाड फायलींच्या बाबतीत समोर बसून पानं चाळणं स्वस्त पडतं आणि जास्त कळतंही.

चुकीचं दार ठोठावणं

नदीचा पूर कुठवर येऊ शकतो हे दाखवणाऱ्या निळ्या आणि लाल पूररेषा जलसंपदा विभाग आखतो. सांडपाणी प्रक्रिया केंद्र पालिका चालवते, पण त्याला संमतीपत्र देतं महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ. त्यामुळे प्रक्रिया केलेल्या पाण्याच्या तपासणीचे अहवाल दोन्हीकडे मागा आणि आकडे शेजारी-शेजारी ठेवा. माहिती अधिकाराचा अर्ज चुकीच्या कार्यालयात गेला, तर तो पाच दिवसांत योग्य ठिकाणी पाठवावा लागतो. साध्या तक्रारीला असं काही बंधन नाही, ती टेबलांवरून फिरत राहते.

पालिकेच्या आतही दारं वेगळी असतात. पावसाळी गटारं आणि मैलापाण्याच्या वाहिन्या यांची व्यवस्था निराळी. मे महिन्यात, पावसाचा थेंब नसताना, पावसाळी गटारातून काळं पाणी वाहत असेल, तर 'नाला साफ करा' ही मागणी अपुरी आहे. गाळ काढून जातील आणि आठवड्यात पुन्हा तेच. मैलापाणी कुठल्या चेंबरपाशी पावसाळी वाहिनीत मिसळतंय हे विचारा. तारखेसह फोटो आणि जवळच्या चेंबरची खूण जोडा.

वेळ चुकवणं

झाड तोडायच्या प्रस्तावाची नोटीस लागली, की हरकतीला सात दिवस मिळतात. झाडावर डकवलेला कागद आठव्या दिवशी वाचून केलेला संताप व्हॉट्सअॅपपुरता उरतो. हरकत पालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाकडे, म्हणजे झाडांबाबत निर्णय घेणाऱ्या समितीकडे, लेखी द्या. 'आमचा विरोध आहे' एवढं न लिहिता झाडाची जात, अंदाजे घेर आणि रस्त्याची आखणी थोडी सरकवली तर ते कसं वाचतं, हे लिहा.

पैशांचं गणित त्याहून आधी जमतं. अंदाजपत्रक फेब्रुवारीच्या आसपास मांडलं जातं, म्हणजे दिवाळीनंतर तरी प्रस्ताव खात्याकडे पोचलेला हवा. पुण्यात 2006 पासून नागरिकांच्या सूचना अंदाजपत्रकात घ्यायची पद्धत आहे. तिथे क्षेत्रीय कार्यालयातून फॉर्म कधी मिळतात याची चौकशी आधीच करून ठेवा.

महापालिका क्षेत्रात राहत असाल, तर आयुक्तांनी दरवर्षी 31 जुलैपूर्वी पर्यावरण स्थिती अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. मागच्या दोन-तीन वर्षांचे अहवाल ताडून पाहा. कधी कधी वर्ष बदलतं आणि परिच्छेद तसेच राहतात.

पोच न घेणं

नगरसेवकाला पाठवलेला फोटो म्हणजे तक्रार नव्हे. आवक क्रमांक आणि शिक्का नसेल, तर तुम्ही गेलाच नव्हता. नागरिकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी प्रशासन भरवतं त्या लोकशाही दिनाला जाणार असाल, तर अर्ज पंधरा दिवस आधी आणि विहित नमुन्यात द्या. तिथे वैयक्तिक तक्रारच घेतात. शंभर सह्यांचं निवेदन परत येतं. 'माझ्या घरासमोरच्या नाल्यामुळे' अशी सुरुवात करून एकेकाने स्वतंत्र अर्ज दिला, की चालतं.

उत्तर आलं, पण कामाचं नाही

तीस दिवस उलटूनही माहिती आली नाही, तर ती नंतर विनाशुल्क द्यावी लागते. पुढच्या तीस दिवसांत प्रथम अपील करा. 'माहिती विस्तृत आहे' असं म्हटलं, तर पाहणीची तारीख मागा. 'माहिती उपलब्ध नाही' या उत्तराने खचू नका, ते कधी कधी सगळ्यात कामाचं असतं. शहरातल्या झाडांची गणना दर पाच वर्षांनी करणं कायद्याने वृक्ष प्राधिकरणाचं कर्तव्य आहे. ती 'उपलब्ध नाही' असं लेखी आलं, तर ती कबुलीच झाली. दुसरं अपील नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जातं, पण तिथे सुनावणीला वेळ लागतो. त्यावर विसंबून हातचं काम थांबवू नका.

सर्वसाधारण सभेत आपण उठून प्रश्न विचारू शकत नाही, नगरसेवक विचारू शकतो. त्याच्या हाती पाचपानी निवेदन देऊ नका. दोन ओळींचा नेमका प्रश्न आणि सोबत माहिती अधिकारात पालिकेनेच दिलेल्या कागदाची झेरॉक्स द्या. प्रश्न कुठल्या मुदतीत नगरसचिवांकडे पोचायला हवा, हे त्याच्या स्वीय सहायकाला आधी विचारून घ्या.