लॅपटॉप आणि डेस्कटॉपच्या प्रोसेसरची तुलना कशी करावी

कोल्हापुरातील राजारामपुरीच्या दुकानांतून लॅपटॉपचे एक आणि डेस्कटॉपचे एक अशी दोन कोटेशन आणली, की प्रोसेसरच्या ओळीवर नजर टाकून तिथेच निर्णय घेण्याचा मोह होतो. समजा, लॅपटॉपच्या कागदावर ‘कोअर आय७-१३५५यू, १० कोअर, ५.० गिगाहर्ट्झपर्यंत’ असे लिहिले आहे आणि डेस्कटॉपच्या कागदावर ‘कोअर आय५-१३४००, १० कोअर, ४.६ गिगाहर्ट्झपर्यंत’. पिढी एकच (दोन्हींत १३वी), कोअर (प्रोसेसरमधील स्वतंत्र गणनाकेंद्रे) तितकेच, शिवाय आय७ हे नाव मोठे. तेव्हा लॅपटॉपच सरस, असे कोणालाही वाटेल. प्रत्यक्षात व्हिडिओ रेंडर करण्यासारख्या (म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल बनवण्यासारख्या) लांबणाऱ्या कामात हा आय५ त्या आय७ला स्पष्टपणे मागे टाकतो.

म्हणून तुलनेची सुरुवात वॅटपासून करावी. हे प्रोसेसर बनवणाऱ्या इंटेलच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रोसेसरची बेस पॉवर (सततच्या कामातील विजेचा खप) आणि कमाल टर्बो पॉवर (थोड्या वेळच्या कमाल वेगातील खप) दिलेली असते. आय७-१३५५यूसाठी हे आकडे १५ आणि ५५ वॅट आहेत, तर आय५-१३४००साठी ६५ आणि १४८ वॅट. ५.० गिगाहर्ट्झ हा आकडा खोटा नाही. मात्र तो वेग मोजके कोअर थोडाच वेळ गाठतात. सगळे कोअर एकदम कामाला लागले की उष्णता वाढते, पातळ लॅपटॉपमधील लहान पंख्याला ती पुरेशी बाहेर टाकता येत नाही आणि प्रोसेसर आपणहून वेग उतरवतो. तरीही वॅट तिप्पट म्हणजे काम तिप्पट, असा हिशेब करू नये. वेग वाढवण्यासाठी व्होल्टेजही वाढवावे लागते आणि विजेचा खप व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्यामुळे वेगाचा शेवटचा टप्पा फार महाग पडतो. याच कारणाने ४५ वॅटचा चांगला लॅपटॉप प्रोसेसर १२५ वॅटच्या डेस्कटॉप प्रोसेसरच्या एकतृतीयांशापेक्षा बरेच अधिक काम करून दाखवतो.

यानंतर कोअर मोजावेत, पण प्रकार पाहून. इंटेलच्या १२व्या ते १४व्या पिढीतील बहुतेक प्रोसेसरमध्ये दमदार पी-कोअर आणि काटकसरी ई-कोअर असे दोन प्रकार असतात. पी-कोअर दोन थ्रेड (एकाच वेळी चालणारे कामाचे प्रवाह) चालवतो, ई-कोअर एकच. त्यामुळे थ्रेडमधून कोअर वजा केले की पी-कोअरची संख्या हाती येते. आय७-१३५५यूचे १२ थ्रेड वजा १० कोअर म्हणजे पी-कोअर फक्त २; आय५-१३४००चे १६ वजा १० म्हणजे ६. दुकानात उभ्या उभ्या करता येणारा हा हिशेब मला फार उपयोगी वाटतो. नव्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेतील बहुतेक प्रोसेसरमध्ये पी-कोअरही एकच थ्रेड चालवत असल्यामुळे तिथे मात्र तो लागू होत नाही.

नावाच्या शेवटचे अक्षरही वाचावे. यू म्हणजे कमी विजेचा, एच म्हणजे जड कामाच्या लॅपटॉपचा, एचएक्स त्याहून वरचा. डेस्कटॉपमध्ये टी कमी विजेचा असतो. इंटेलची प्रतिस्पर्धी असलेल्या एएमडीच्या रायझन ७००० मालिकेतील लॅपटॉप प्रोसेसर घेताना तिसरा अंक जरूर पाहावा, कारण तो रचनेची पिढी सांगतो : रायझन ५ ७५२०यू हा ७००० मालिकेतला असूनही जुन्या झेन २ रचनेचा आहे, तर ७५४०यू झेन ४चा आहे.

आता प्रत्यक्ष चाचणी. सिनेबेंच हे प्रोसेसरचा वेग मोजून गुण देणारे मोफत सॉफ्टवेअर दोन्ही यंत्रांवर एकाच आवृत्तीचे चालवावे. आर२३ आणि २०२४ या आवृत्त्यांचे गुण एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. एका कोअरचे आणि सर्व कोअरचे गुण वेगवेगळे नोंदवावेत. एका कोअरच्या गुणांत लॅपटॉप बहुधा डेस्कटॉपच्या जवळपास येतो. खरा फरक दिसतो तो सर्व कोअरची चाचणी सलग १० मिनिटे चालवल्यावर. त्याच वेळी यंत्राची मोजमापे दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमध्ये सीपीयू पॅकेज पॉवर (प्रोसेसर त्या क्षणी घेत असलेली वीज) पाहत राहावे : पहिल्या मिनिटातला आकडा आणि दहाव्या मिनिटातला आकडा यांतील घसरणीवरून त्या लॅपटॉपच्या विजेच्या आणि थंडाव्याच्या मर्यादेचा अंदाज येतो. लॅपटॉप चार्जरला जोडलेला असावा, विंडोजचा पॉवर मोड दोन्हीकडे सारखा असावा आणि खोलीही तीच असावी, कारण दुकानातील एसीत मिळालेले गुण उन्हाळ्यात उद्यमनगरातील पत्र्याच्या शेडमध्ये मिळतीलच असे नाही.

थंडाव्याचे महत्त्व पटवणारे उत्तम उदाहरण ॲपलचे आहे. २०२० साली आलेली एम१ चिप मॅकबुक एअरमध्येही होती आणि मॅक मिनीतही. छोट्या कामात दोन्ही बरोबरीने चालत, पण पंखा नसलेला एअर दीर्घ कामात मंदावत असे. त्यामुळे एकाच प्रोसेसरच्या दोन लॅपटॉपनाही समान समजू नये.

अखेरचा कौल आपल्या कामाने द्यावा. लग्नाचे व्हिडिओ संपादित करणाऱ्याने स्वतःचा एकच प्रोजेक्ट दोन्हींवर एक्स्पोर्ट करून वेळ मोजावी. फौंड्रीसाठी पॅटर्नचे थ्रीडी मॉडेल बनवणाऱ्याचे बरेचसे काम एका कोअरच्या वेगावर अवलंबून असते, म्हणून त्याला चांगला लॅपटॉपही पुरतो. तोच माणूस कास्टिंगचे सिम्युलेशन तासन्‌तास चालवणार असेल, तर माझ्या मते त्याने डेस्कटॉपच घ्यावा. टॅली आणि पत्रव्यवहारापुरत्या कार्यालयाला ही सारी तुलना करण्याची गरजच नाही.

डेस्कटॉप ठरवताना यूपीएसची किंमत हिशेबात धरावी. पावसाळ्यात वीज गेली तरी लॅपटॉप बॅटरीवर चालत राहतो, भले वेग कमी होवो. डेस्कटॉप मात्र तत्क्षणी बंद पडतो आणि चालू असलेला रेंडर वाया जातो. ६०० व्हीएचे यूपीएस सहसा ३६० वॅटपर्यंतच भार पेलते, तेव्हा प्रोसेसरच्या बेस पॉवरऐवजी कमाल टर्बो पॉवर धरून, त्यात मॉनिटर आणि ग्राफिक्स कार्ड मिळवून, मगच यूपीएस निवडावे.