घरच्या वीजवापराचा आकडा ऑटोमेशनला जोडताय? या चुका टाळा

"लाईट किती जळते ते मोबाईलवर दिसतंय, आता गिझर आणि पंप त्यावरच चालवू या." असा फोन आला की मी आधी एकच विचारतो: तो आकडा मीटरशी ताडून बघितला का? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते. वीज मोजणारं मॉड्यूल ऑनलाइन मागवलेलं असतं, रविवारी बसवलेलं असतं, व्हिडिओतला कोड जसाच्या तसा उतरवलेला असतो. पडद्यावर आलेख हलायला लागला की त्याच रात्री ऑटोमेशन, म्हणजे त्या आकड्यावरून उपकरणं आपोआप चालू-बंद करणं, सुरू. आलेख हलतोय म्हणजे तो खरा आहे असं नव्हे. चुकीचा आकडा नुसता बघण्यापुरता असेल तर फारसं बिघडत नाही, पण त्याच्यावर पंप चालू-बंद होत असेल तर घरातलं पाणी जातं.

कोल्हापुरात आणि आसपासच्या गावांत घरोघरी त्याच त्या चुका दिसतात. दोन-तीन चुकांनी लोकांचा फार पैसा आणि वेळ खाल्लाय, त्यांच्यावर सविस्तर लिहितो. बाकीच्या थोडक्यात.

सोलर असलेल्या घरात दिशा न कळणारं मॉड्यूल

फुलेवाडीतलं एक घर. गच्चीवर ३ किलोवॉटचं सोलर, खाली नेट मीटर (घेतलेली आणि महावितरणला दिलेली, दोन्ही वीज नोंदणारा), अंगणात बोअर. घरातला मुलगा इंजिनिअरिंगला, हुशार. त्यानं मीटरकडून येणाऱ्या वायरीवर पीझेम-००४टी हे वीज मोजणारं मॉड्यूल बसवलं, होम असिस्टंट या घर-ऑटोमेशनच्या सॉफ्टवेअरला जोडलं आणि नियम लिहिला: घराचा लोड दीड हजार वॉटच्या वर असेल तर पंप लावायचा नाही. हेतू चांगला होता. गिझर, इस्त्री आणि पंप एकदम आले की त्यांचा मेन एमसीबी, म्हणजे लोड जास्त झाला की आपोआप पडणारा स्विच, पडायचा.

हे बसवलं जुलैत. आपल्याकडचा जुलै म्हणजे सूर्यदर्शन दुर्मिळ. पावसाळाभर सगळं सुरळीत चाललं. दसऱ्याच्या सुमाराला आभाळ उघडलं आणि दुपारी टाकी रिकामी राहायला लागली. सकाळी पंप चालायचा, रात्री चालायचा, दुपारी नाही. पंपवाला आला, कपॅसिटर बदलून गेला. मग स्टार्टर बदलला. मग टाकीतला फ्लोट स्विच. मला बोलावलं तोवर काकू अगदी वैतागल्या होत्या. "दादा, मी धुणं काढलं की हा पंप बंद. रात्री मात्र कुणी नसताना टाकी भरून ठेवतोय."

मी मुद्दाम भर दुपारी गेलो. पडद्यावर वापर दिसत होता १९०० वॉट. घरात चालू काय, तर फ्रिज आणि दोन पंखे. १९०० वॉट खाणारं काही चालूच नव्हतं. काकूंना इस्त्री लावायला सांगितली, हजार वॉटची. आकडा वाढायला हवा होता, तो ९०० वर उतरला. इस्त्री काढली, सोलरचा एसी आयसोलेटर, म्हणजे सोलरची वीज तोडणारा स्विच, पाडला. आता महावितरणकडून येणारी वीज वाढायला हवी. आकडा १९०० वरून २०० वर आला. तिथंच निदान झालं.

पीझेम-००४टी वीज किती वाहते ते सांगतं, कुठल्या बाजूला वाहते ते सांगत नाही. बाहेरून घरात येणारे १९०० वॉट आणि घरातून बाहेर जाणारे १९०० वॉट त्याला सारखेच. दुपारी सोलर २१०० वॉट बनवत होतं, घर २०० घेत होतं, उरलेले १९०० महावितरणच्या लाईनला जात होते आणि ऑटोमेशन तेवढा सगळा घरचा लोड समजून पंप अडवत होतं. म्हणजे पंप फुकटात चालवायची जी वेळ, नेमकी तीच बंद. दिवसाच्या युनिटच्या बेरजेतही दिलेली वीज वापरलेली म्हणून मिसळत होती. बिल आणि पडदा जुळत नाही याचं कारण मुलगा महिनाभर कोडमध्ये शोधत होता.

सोलर नसेल तर मी स्वतः हेच मॉड्यूल बसवतो, उत्तम आहे. सोलर असेल तर घेतलेली आणि दिलेली वीज वेगळी मोजणारं उपकरण घ्या, शेली ईएमसारखं. क्लँप, म्हणजे वायरीभोवती मिटणारा मोजणीचा चिमटा, कुठल्या बाजूला तोंड करून बसवला यावर आकड्याचं चिन्ह ठरतं, म्हणून ते रात्री तपासा. रात्री सोलर शून्य असतं, तेव्हा आकडा अधिक चिन्हाचाच असला पाहिजे. उणे दिसला तर क्लँप काढून उलटा बसवा. कोडमध्ये उणे एकनं गुणून भागवू नका, पुढच्या माणसाला ते कळत नाही. घराचा खरा वापर म्हणजे लाईनकडून घेतलेली अधिक सोलरनं बनवलेली वजा लाईनला दिलेली. सोलरचा आकडा सोलरच्या इन्व्हर्टरकडून घ्यायचा. आणि इस्त्रीची परीक्षा केल्याशिवाय सोलरचं घर मी सोडत नाही: भर उन्हात इस्त्री लावली की लाईनला जाणारी वीज हजारानं कमी झाली पाहिजे आणि घराचा वापर हजारानं वाढला पाहिजे.

मीटरच्या लुकलुकत्या दिव्यावरून मोजणं

ही पद्धत मला मनापासून आवडते, कारण वायरीला हात लागत नाही. मीटरवरचा लाल दिवा ठरावीक विजेमागे एकदा लुकलुकतो, प्रकाश ओळखणारा सेन्सर त्यासमोर धरला की झालं. चूक होते ती मीटर न वाचल्यामुळे. मीटरवर छापलेलं असतं, एका युनिटला किती लुकलुक. कुठं १०००, कुठं १६००, कुठं ३२००. व्हिडिओतल्या माणसाच्या मीटरवर १००० असतं, आपल्याकडं ३२००, आणि कोड तोच. मग घर सव्वातीन पट वीज खातंय असं दिसतं आणि फ्रिजवाल्याला बोलावलं जातं. साधा ताळा आहे. ३२०० च्या मीटरवर १००० वॉटचा लोड असेल तर दर १.१२५ सेकंदाला एकदा दिवा लागतो. गिझर लावा, घड्याळ धरा, मोजा. मीटर बदलला की हा आकडा पुन्हा वाचायचा.

दुसरी गोष्ट ऊन. आपल्याकडं जुन्या घरांची मीटरपेटी बाहेरच्या भिंतीवर असते. दुपारी तिरपं ऊन काचेवर आलं की सेन्सरला खोटे ठोके मिळतात. काळी टेप आणि फोम लावून सेन्सर झाका. झटकन चिकटणारा गोंद मीटरवर लावू नका, रीडिंग घ्यायला येणाऱ्या माणसाला अडचण होते आणि काढताना काच खराब होते. नेट मीटर असेल तर इथंही वरचाच धोका आहे, कारण अनेक नेट मीटरचा दिवा वीज बाहेर जातानाही लुकलुकतो.

आणि सील. मीटरचं सील तोडून "आतून सिग्नल घेऊ" म्हणणारे भेटतात. विद्युत कायदा २००३ च्या कलम १३८ खाली मीटरशी अशी छेडछाड केल्यास तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. असल्या कामाला मी हात लावत नाही, कुणी कितीही पैसे देवोत.

लाईट जाते तेव्हा आकड्याचं काय होतं

आपल्याकडं वळवाच्या पावसात लाईट तासात तीनदा जाते-येते. ऑटोमेशनचा कॉम्प्युटर आणि राउटर बॅटरीच्या इन्व्हर्टरवर असतात, पण मोजणारं मॉड्यूल लाईनवर असतं, म्हणून त्याचं उत्तर येणं थांबतं. अशा वेळी टेम्प्लेटमध्ये, म्हणजे आकड्याचं गणित लिहिलेल्या ओळींत, "आकडा आला नाही तर शून्य धर" असं लिहिलेलं असेल तर घोटाळा होतो. एकूण युनिट ८४० वरून शून्यावर जातात, लाईट आली की परत ८४० होतात. होम असिस्टंटला वाटतं मीटर शून्यापासून सुरू झाला आणि मधली ८४० युनिट आत्ताच जळली. आलेखातला त्या दिवशीचा खांब आभाळाला भिडतो. आकडा नसेल तर तो "उपलब्ध नाही" असाच राहू द्या. शून्य हाही एक आकडा आहे आणि तो खोटा आहे.

ज्यांच्याकडं फक्त वॉट येतात आणि त्यावरून युनिट काढतात, त्यांच्यासाठी आणखी एक. होम असिस्टंटमधली बेरीज करणारी तयार सोय, म्हणजे हेल्पर, आपणहून दोन आकड्यांची सरासरी धरतो. गिझर ४० मिनिटं बंद होता, सेन्सरनं त्या वेळात काही कळवलं नाही, मग एकदम ३००० वॉट कळवले. हेल्पर त्या ४० मिनिटांना १५०० वॉट धरतो आणि न जळलेलं एक युनिट तुमच्या नावावर लिहितो. पद्धत बदलून डावी, म्हणजे लेफ्ट, करा. एवढ्या एका बदलानं मी कितीतरी तक्रारी मिटवल्यात.

बाकीच्या, थोडक्यात पण गंभीर

मेन स्विच बंद केला म्हणजे सगळं मेलं असं समजू नका. मीटरपासून मेन स्विचपर्यंतची वायर जिवंतच असते, आणि लोक नेमका तिथंच क्लँप लावायला जातात. हे काम परवानाधारक वायरमनकडून करून घ्या. शंभर-दोनशे रुपये वाचवायची ही जागा नाही.

क्लँप एकाच वायरीभोवती घाला. फेज आणि न्यूट्रल दोन्ही आत घेतले तर शून्य दिसतं आणि लोक मॉड्यूल खराब म्हणून परत पाठवतात. क्लँपची तोंडं नीट टक्कन मिटली पाहिजेत. मध्ये धूळ किंवा टेपचा तुकडा राहिला तरी आकडा कमी येतो.

तीन फेजचं कनेक्शन असेल तर तीन क्लँप. एकावर मोजून तीननं गुणणारे महाभाग आहेत, त्यांनी तसं करू नये.

नुसता क्लँप लावून करंटला २३० नं गुणू नका. संध्याकाळी व्होल्टेज उतरतं, आणि मोटारीचा पॉवर फॅक्टर (खरे वॉट भागिले व्होल्टेज-करंटचा गुणाकार) एक नसतो. तो ०.७ असेल तर ७०० वॉटच्या पंपाला तुम्ही १००० लिहिता. घरगुती बिल खऱ्या युनिटचं येतं, म्हणून व्होल्टेजही मोजणारं मॉड्यूलच घ्या.

१० अँपिअरचा स्मार्ट प्लग गिझरला लावू नका. ३ किलोवॉटचा गिझर १३ अँपिअर ओढतो. वितळलेले प्लग मी पाहिलेत, एकाच्या मागची भिंत काळी झाली होती.

लोखंडी डीबीच्या, म्हणजे एमसीबी बसवलेल्या पेटीच्या, आत वायफायचं मॉड्यूल ठेवून दार लावलं की सिग्नल जातो. अपार्टमेंटमध्ये मीटर तळमजल्यावर आणि राउटर चौथ्या मजल्यावर असतो, तिथं मीटरपाशी न मोजता आपल्या फ्लॅटच्या डीबीत मोजावं. डीबीत पाल आणि मुंग्या शिरायच्या वाटाही बुजवा, पावसाळ्यात त्या हमखास येतात.

महावितरणच्या ॲपमध्ये वापर दिसतो, तो बघायला आणि ताळा करायला चांगला. त्याच्यावर पंप किंवा गिझर चालवू नका, आणि पोर्टलचा पासवर्ड कुठल्यातरी अनोळखी स्क्रिप्टमध्ये तर अजिबात टाकू नका.

एका क्षणाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका. पंप सुरू होताना काही क्षण कितीतरी पट करंट ओढतो. मी दोन मिनिटांची सरासरी धरतो आणि बंद केलेलं उपकरण किमान दहा मिनिटं पुन्हा चालू होऊ देत नाही. फ्रिज आणि मोटार यांचं आयुष्य यावर असतं. घाई असलेल्यांना हे संथ वाटतं, तरी मी ते बदलत नाही.

युनिटच्या बेरजेचं महिन्याचं चक्र एक तारखेला सुरू करू नका, आपलं रीडिंग ज्या तारखेला होतं त्या तारखेला करा. घरगुती दराचे टप्पे १००, ३०० आणि ५०० युनिटवर बदलतात. चक्र चुकलं तर "३०० च्या आत राहा" असा इशारा चुकीच्या दिवशी येतो. एकच दर धरून रुपये काढू नका. वहन आकार, स्थिर आकार आणि वीज शुल्क वेगळं असतं. स्मार्ट मीटर असेल तर सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापराची सवलतही हिशेबात घ्या.

ताळा कसा करायचा

माझी पद्धत साधी आहे. सकाळी मीटरच्या आकड्याचा मोबाईलवर फोटो काढायचा आणि त्याच मिनिटाला होम असिस्टंटच्या पडद्याचाही. चोवीस तासांनी पुन्हा दोन्ही. दोन्हीकडचा फरक काढायचा. शंभराला दोन-तीनच्या आत जुळलं तर आठवडाभर नुसतं चालू ठेवायचं, ऑटोमेशन बंद. आठवड्यात एकदा तरी लाईट जाऊन आलेली असावी, नसेल तर मेन स्विच पाडून ती वेळ आणायची. पुन्हा जुळलं की पहिला नियम लावायचा, तोही गिझरचा, पंपाचा नाही. गिझर चुकला तर अंघोळ उशिरा होते, पंप चुकला तर घरातल्या सगळ्यांचा दिवस जातो.

हे ऐकल्यावर तरुण मंडळी म्हणतात, आठवडा फार होतो. फुलेवाडीतल्या घरात कपॅसिटर, स्टार्टर आणि फ्लोट स्विच बदलण्यात त्याहून जास्त गेला, शिवाय पैसे वेगळे.

आणि मदत मागताना बिलाचा किंवा पडद्याचा फोटो ग्रुपवर टाकाल तेव्हा १२ अंकी ग्राहक क्रमांक झाका. तासातासाचा आलेखही सगळ्यांना दाखवू नका. घर कुठल्या दिवशी रिकामं होतं ते त्यात स्पष्ट दिसतं.