नवी नाव तापीकाठी आणताना या चुका टाळा

हतनूरच्या जलाशयावर, प्रकाशा आणि सारंगखेडा येथील बॅरेजच्या फुगवट्यावर किंवा नंदुरबार जिल्ह्यात शिरलेल्या उकाईच्या पाण्यावर मासेमारी करणारी आपल्याकडील मंडळी आता बहुधा फायबरची नाव घेतात, आणि ती बऱ्याचदा किनारपट्टीवरून आणावी लागते. नाव घेताना आपण तिचा तळ, काठ, इंजिन सारे निरखून पाहतो, भावासाठी दोन दिवस घासाघीस करतो आणि तिला घरी कसे आणायचे हा प्रश्न मात्र गाडी दारात उभी राहीपर्यंत पुढे ढकलतो. आमच्या गटाने दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरून १८ फुटी जुनी फायबरची नाव आणली, त्यानंतर ओळखीच्या इतर गटांच्या नावा आणण्यासाठीही मी बरोबर गेलो. पाण्यात कधी न झालेले नुकसान या नावांना रस्त्यावर आणि काठाच्या चिखलात झालेले मी पाहिले आहे, आणि त्यातले बहुतेक टाळता येण्यासारखे होते.

शेवटचा रस्ता न बघता गाडी ठरवणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच आहे, म्हणून तिच्याबद्दल सविस्तर लिहितो. आमची नाव मे महिन्यात आली. सुरतहून बारडोली, व्यारा, सोनगड, नवापूर, विसरवाडी, पुढे कोंडाईबारी घाट, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव असा सारा प्रवास आयशर ट्रकने विनातक्रार केला आणि पाणी समोर दिसत असताना शेवटच्या काही शे पावलांवर ती अडकली. हिवाळ्यात जिथे आम्ही जाळी उतरवत होतो तिथून पाणी उन्हाळ्यात खूप मागे सरकले होते आणि मधे गाळपेराची उघडी जमीन पडली होती. वरून ती भेगाळलेली, टणक दिसत होती; पण काळ्या गाळाची ती साय केवळ वरवर वाळलेली होती. मागचे चाक एका भेगेत उतरले आणि बघता बघता गाडी आसापर्यंत रुतली. नाव तशीच गाडीवर दोन दिवस उन्हात राहिली, वरून गाडीचे जादा भाडे आणि दोन ट्रॅक्टरांचा खर्च सोसावा लागला.

नाव विकत घेण्याआधीच ज्या ठिकाणी ती पाण्यात उतरवायची तिथे एकदा पायी जाऊन यावे, आणि जाताना हातात पहार असावी. पहार सहज हातभर आत जात असेल तर तिथे भरलेली गाडी नेण्याचा विचारच सोडावा. धरणातील पाण्याची पातळी कुठल्या महिन्यात कुठपर्यंत असते हे काठावरच्या भोई किंवा कोळी बांधवांना विचारावे, कारण त्यांना ते तारखेनिशी ठाऊक असते. मोठी गाडी पक्क्या सडकेवरच थांबवून नाव ट्रॉलीवर घेणे आणि ट्रॅक्टरने पुढे नेणे यात एक दिवसाची हमाली वाढते, तरी ती वाचवू नये.

ट्रॉलीही जिथे पोहोचत नाही तिथे नाव ओढत नेऊ नका. रावेर, यावल, मुक्ताईनगर या पट्ट्यात घड कापल्यानंतर उरलेली केळीची खोडे बांधावर पडलेली असतात. हातभर अंतरावर आडवी टाकलेली ही ओली खोडे नावेच्या तळासाठी लाकडी ओंडक्यांपेक्षा चांगली. दाबली की त्यांना पाणी सुटते, नाव त्यावरून घसरत पुढे सरकते आणि फायबरला ओरखडाही पडत नाही. मागची खोडे उचलून पुढे टाकायला दोन चपळ माणसे वेगळी ठेवावीत. नाव उचलताना बसण्याच्या आडव्या फळ्यांना धरू नये, कारण त्या फळ्या माणूस बसण्यासाठी असतात, साऱ्या नावेचे वजन पेलण्यासाठी नसतात. हात नेहमी नावेच्या काठाखाली घालावा.

मापात चूक आणि बाहेर लोंबणारे टोक

विक्रेता सांगतो ती लांबी पुष्कळदा आतल्या तळाची असते. आपण स्वतः टेप घेऊन नाळेच्या, म्हणजे नावेच्या पुढच्या निमुळत्या भागाच्या, टोकापासून इंजिनाच्या फळीपर्यंत आणि काठाच्या रबरी पट्टीसह सर्वांत रुंद जागी माप घ्यावे. १८ फुटी नाव छोट्या हत्तीत किंवा पिकअपमध्ये तिरपी टाकून आणू असे सांगणारे चालक भेटतात आणि भाडे कमी असल्यामुळे मोह होतो, पण अर्धी नाव मागे लोंबत असेल तर प्रत्येक गतिरोधकावर तिचा सारा भार मागच्या फाळक्याच्या एका रेघेवर येतो आणि तळ नेमका तिथेच चिरतो. शिवाय गाडीच्या बाहेर माल काढणे हा गुन्हा आहे. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार मर्यादेबाहेर डावी-उजवीकडे, पुढे-मागे किंवा उंचीला माल काढल्यास २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च द्यावा लागतो. एवढ्या रकमेत लांब हौद्याची आयशर आरामात मिळते.

उंचीचाही विचार करावा. महामार्गावर अडचण येत नाही. अडचण येते ती गावाच्या वेशीत, रेल्वेखालच्या भुयारी मार्गात आणि गल्लीवरून गेलेल्या विजेच्या तारांखाली. लोंबती तार काठीने वर उचलून गाडी काढण्याचा प्रकार मी डोळ्यांनी पाहिला आहे. असे कधीही करू नये. वाट बदलावी, किंवा वीज कंपनीच्या माणसाला बोलावून प्रवाह बंद करून घ्यावा.

नाव नुसती हौद्यात ठेवणे

नाव पाण्यात असते तेव्हा तिच्या तळाला सगळीकडून सारखा आधार मिळतो. लोखंडी हौद्यात मात्र ती फक्त कण्याच्या (तळाच्या मधोमध लांबीभर असलेल्या कडेच्या) दोन-तीन उंचवट्यांवर टेकते, आणि गाडीचा प्रत्येक हादरा त्याच ठिकाणी बसतो. त्यासाठी कण्याखाली लांबीभर लाकडी फळी, दोन्ही बाजूंना जुने टायर किंवा भुसा भरलेली पोती आणि त्यावर गोणपाट अशी बैठक तयार करावी. नावेला हाताने डावी-उजवीकडे ढकलून पाहावे. ती डुलत असेल तर बैठक नीट झालेली नाही असे समजून पुन्हा उतरवावी. भरताना घाई असते, चालक हॉर्न वाजवत असतो, तरी हे काम त्याच वेळी पूर्ण झाले पाहिजे.

बांधण्यात आमची चूक झाली ती अशी. आम्ही नायलॉनची जाड दोरी थेट काठावरून घेतली आणि जोर लावून आवळली. कोंडाईबारी घाट उतरल्यावर चहासाठी थांबलो तेव्हा दोरी सैल दिसली, म्हणून पुन्हा आवळली. धुळ्याला पाहतो तर दोरी जिथून वळत होती तिथे काठाच्या वरच्या रंगीत थरात बोटाच्या नखाएवढी खाच पडली होती आणि खालचे पांढरे फायबर धाग्याधाग्याने उघडे पडले होते. दोरी सैल झाली नव्हती, ती नावेला करवतीसारखी कापत आत गेली होती. आम्ही मात्र ती पुन्हा आवळून कापण्याला हातभारच लावला. तेव्हापासून मी चाप असलेले रुंद नायलॉनचे पट्टे वापरतो, प्रत्येक वळणाखाली जुन्या ट्यूबचा दुमडलेला तुकडा घालतो आणि नावेला वरून दाबण्याबरोबरच पुढे व मागे सरकू नये म्हणून दोन आडवे बंधही घेतो. पहिल्या २०-२५ किलोमीटरवर गाडी थांबवून सगळे बंध पाहावेत आणि घाटाच्या आधी व नंतर पुन्हा पाहावेत. वल्ही, नांगर, जाळी असे सुटे सामान नावेत ठेवू नये. एक सुटा नांगर नावेला आतून ठोकत चारशे किलोमीटर आला तर तळाचे काय होईल याची कल्पना करावी.

बुच्चा विसरणे

नावेच्या मागच्या तळाला पाणी काढण्याचे भोक असते. प्रवासात त्याचा बुच्चा काढून ठेवला पाहिजे, कारण वाटेत पाऊस आला तर नाव म्हणजे एक मोठी परात होते. १४ फूट लांब आणि ४ फूट रुंद तळावर ४ इंच पाणी साचले तर ते सुमारे ५०० किलो भरते, म्हणजे कित्येकदा नावेच्या स्वतःच्या वजनापेक्षा जास्त, आणि ते वळणावर एका बाजूला लोटते. हाच बुच्चा नाव पाण्यात सोडण्यापूर्वी परत बसवायचा राहून गेल्यामुळे नारळ फोडल्यावर दहा मिनिटांत पायाखाली पाणी आलेल्या दोन नावा मला माहीत आहेत. बुच्चा काढला की तो खिशात ठेवू नये, गाडीच्या किल्लीला दोऱ्याने बांधावा आणि किल्ली परत देताना तो आपोआप आठवेल असे करावे.

लाकडी नावेला आपले ऊन दाखवणे

किनाऱ्यावरच्या दमट हवेत मुरलेली लाकडी नाव एप्रिल-मे महिन्यात जळगाव-भुसावळच्या ४४-४५ अंशांच्या कोरड्या उन्हात आली की फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात. एका ओळखीच्या गटाने अशी नाव आणून अंगणात आठ दिवस ठेवली आणि पाण्यात सोडताच ती सगळ्या सांध्यांतून गळू लागली. विक्रेत्याने फसवले म्हणून सगळे चिडले होते. तेव्हा काठावरच्या एका वृद्ध भोई बाबांनी फळीवर हात फिरवला आणि म्हटले, "हाई नावले तीस लागेल शे." नावेला तहान लागली आहे, एवढेच त्यांचे निदान होते आणि ते अचूक होते. नाव उथळ पाण्यात दगड घालून बुडवून ठेवली, चार-पाच दिवसांत फळ्या फुगल्या आणि बहुतेक सांधे आपोआप मिटले; जे राहिले ते कापूस आणि राळ भरून बुजवले. लाकडी नाव आणायचीच असेल तर रात्रीचा प्रवास करावा, तिच्यावर ओली गोणपाटे घालून ती वाटेत भिजवत राहावीत आणि घरी पोहोचल्यावर अंगणात मिरवत न ठेवता लगेच पाण्याजवळ न्यावी. गळती दिसल्याबरोबर सांध्यांत डांबर किंवा सिमेंट ठासून भरू नये, कारण लाकूड फुगले की ते कडक भरण फळीच फोडते.

इंजिन आडवे टाकणे आणि अंगणात सुरू करणे

बाहेरून लावायचे इंजिन प्रवासात नावेला लटकवलेले ठेवू नये. ते काढून लाकडी घोडीवर उभे बांधावे. चार-स्ट्रोक इंजिन चुकीच्या कुशीवर आडवे टाकले तर आतले तेल सिलिंडरमध्ये शिरते आणि सुरू करताना मोठे नुकसान होऊ शकते, म्हणून आडवे ठेवणे भागच असेल तर कुठली बाजू खाली हवी ते त्या इंजिनाच्या पुस्तिकेत पाहूनच ठेवावे. पेट्रोलची टाकी रिकामी करून आणावी.

घरी आल्यावर शेजारीपाजारी जमतात आणि कुणीतरी उत्साहाने दोरी ओढून इंजिन सुरू करून दाखवतो. हे इंजिन बाहेरच्या पाण्यानेच थंड होते. पाण्याविना चालवले तर आतला पाणी ओढणारा रबरी पंखा काही क्षणांतच जळतो, आणि ते आपल्याला धरणाच्या मध्यावर इंजिन तापल्यावर कळते. खालचा भाग बुडेल एवढ्या गोड्या पाण्याच्या पिंपात ठेवून दहा मिनिटे चालवावे. समुद्रावर वापरलेल्या इंजिनातील मीठही त्यामुळे धुऊन निघते. बाजूच्या छिद्रातून पाण्याची धार सतत पडते आहे ना, एवढे पाहावे. धार नसेल तर लगेच बंद करावे.

कागद

नवी नाव कारखान्यातून घेत असाल आणि राज्याबाहेरून आणत असाल तर ५०,००० रुपयांवरील मालासाठी ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन काढायचा कागद) आधी तयार करून घ्यावे. त्याची मुदत सर्वसाधारण मालाला २०० किलोमीटरमागे १ दिवस असते. मुक्काम करणार असाल तर हिशेब करावा. मासेमारीची नाव आणि हौसेची नाव यांवरचा कर वेगळा असतो, म्हणून बिलात नावेचे वर्णन नेमके असावे. जुन्या नावेच्या पावतीवर इंजिन क्रमांक आणि विक्रेत्याच्या ओळखपत्राची प्रत हवी, आणि तिची किनाऱ्यावर आधी नोंदणी झालेली असेल तर ती रद्द केल्याचा किंवा आपल्या नावावर केल्याचा कागद पैसे देण्यापूर्वी हातात घ्यावा. इंजिनाच्या नावेला अंतर्देशीय जलयान कायदा, २०२१ नुसार नोंदणी लागते. तलावाचा ठेका ज्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे आहे तिची परवानगीही आधीच घ्यावी. नाव काठावर आणून मग वाद घालणे कुणाच्याच हिताचे नसते.

उतरवल्यावर न तपासणे

नाव पाण्यात सोडण्यापूर्वी टेकूवर असतानाच आत चार-पाच बादल्या पाणी ओतावे आणि खाली जमिनीवर कुठे थेंब पडतात ते पाहावे. पाण्यातली गळती आतून शोधणे कठीण असते, जमिनीवरची पाच मिनिटांत सापडते. मग रुपयाच्या नाण्याने तळ टिचक्यांनी वाजवत जावा. खणखणीत आवाज बदलून बद्द झाला की तिथे आतले थर सुटलेले आहेत. असा भाग घासून, पूर्ण कोरडा करून, मॅट (काचतंतूंची चटई) आणि ती चिकटवणारे रेझिन यांनी भरावा. रेझिन कडक करणारा हार्डनर सहसा १ ते २ टक्के लागतो, पण आपल्या उन्हाळ्यात दुपारी रेझिन डब्यातच गोठते, म्हणून हे काम पहाटे करावे आणि थोडे थोडेच कालवावे. एम-सीलचा लेप एका फेरीपुरता ठीक आहे, हंगामासाठी नाही.

मुहूर्ताच्या दिवशी गर्दी

आषाढ शुद्ध सप्तमीला तापीमाईचा जन्मोत्सव असतो आणि त्या दिवशी नाव सोडावी असे अनेकांना मनापासून वाटते. भावना योग्यच आहे. पण त्या सुमारास पाऊस लागलेला असतो, हतनूरच्या ४१ दरवाजांपैकी काही केव्हाही उघडतात आणि खालच्या पात्रातील ओढ झपाट्याने वाढते. अशा वेळी पूजा काठावर करावी आणि नाव पाणी स्थिर झाल्यावर सोडावी. पहिल्या फेरीत नारळ-ओटीसह सगळे घर, लहान मुलांसकट, नावेत बसते. हे मी हात जोडून थांबवत आलो आहे. पहिली फेरी दोघांनीच, जीवरक्षक जाकीट घालून, काठाकाठाने मारावी.

त्या संध्याकाळी नाव बांधताना दोर तोकडा ठेवू नये. रात्रीतून पाणी वर चढले तर तोकड्या दोराने नाळ खाली ओढली जाते आणि नाव पाणी भरून घेते. पाणी उतरले तर ती दगडावर कलंडून राहते. दोर दोन-तीन पुरुष (एक पुरुष म्हणजे माणसाच्या उंचीएवढा) जादा सोडावा, खुंटा पाण्याच्या रेषेपासून बराच वर ठोकावा आणि पहिले आठ दिवस पहाटे कुणीतरी काठावर जाऊन यावे.