नवी गाडी सदोष निघाल्यास इंदूरमध्ये दाद कशी मागावी

नवी मोटार वारंवार दुरुस्तीला न्यावी लागत असेल, तर पहिली काळजी जॉब कार्डाची, म्हणजे सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची तक्रार व काम नोंदवतात त्या कागदाची, घ्यावी. ‘दुसरा गिअर अडकतो’ ही तक्रार तेथे ‘जनरल चेकअप’ अशी नोंदली जाते आणि पुढे दोष सिद्ध करताना हीच नोंद आडवी येते, म्हणून आपले म्हणणे आपल्याच शब्दांत उतरवून घेतल्याशिवाय सही करू नये. राजवाड्यासमोरच्या गर्दीत गाडी बंद पडली, तर त्याचा व्हिडिओही जपावा. त्यानंतर विक्रेता आणि उत्पादक या दोघांनाही लेखी नोटीस द्यावी.

एवढ्याने भागले नाही, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तक्रारीचे कारण घडल्यापासून २ वर्षांच्या आत जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. किंमत ५० लाखांपर्यंत असल्यास, गाडी पुण्यात घेतलेली असली तरी, तक्रारदार इंदूरला राहतो एवढ्या आधारावर येथील आयोगाकडे तक्रार दाखल करता येते. १० ते २० लाखांच्या गाडीसाठी शुल्क अवघे ४०० रुपये आहे. निर्मितीदोषाचा मुद्दा मात्र तज्ज्ञाच्या अहवालाशिवाय सहसा टिकत नाही, त्यामुळे तपासणीचा अर्ज सुरुवातीलाच करावा. गाडी बदलून मागताना मोफत दुरुस्ती व नुकसानभरपाई ही पर्यायी मागणीही त्याच तक्रारीत लिहावी.