सायकल घेताना या चुका टाळा : ‘वाढत्या अंगाची’ सायकल नको

मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे घ्यावेत, सायकल मात्र तशी घेऊ नये. सात वर्षांच्या मुलाला चोवीस इंची चाकाची सायकल घेऊन दिली, तर ते सीटवर बसून पायडलला कसेबसे बोटांची टोके टेकवते. ब्रेकच्या दांडीपर्यंत त्याची बोटे पोचतच नाहीत, आणि पुढे उतार असतो. मुलांसाठी १२, १४, १६, २०, २४ अशा मापांच्या सायकली मिळतात. आज बसेल तीच घ्या. लहान झाली की धाकट्या भावंडाला द्या, नाहीतर विका.

मोठ्यांचा घोळ आकड्यांत होतो. जुन्या काळ्या सायकलींच्या जमान्यात ‘बावीस इंची’, ‘चोवीस इंची’ म्हणजे फ्रेमचे माप असायचे. चाक दोन्हींना २८ इंचीच असे. आता दुकानात ‘सव्वीसची देऊ का एकोणतीसची?’ असे विचारतात, तेव्हा ते चाकाबद्दल बोलत असतात. तुमच्या अंगाला बसायला हवी ती फ्रेम. एकाच २९ इंची चाकाच्या मॉडेलमध्ये १५, १७, १९ इंची फ्रेम असू शकतात. म्हणून पहिला प्रश्न फ्रेमचाच विचारा. ‘एकच साइज आहे, सगळ्यांना चालते’ असे उत्तर आले, तर दुसरे दुकान गाठा. गिअर किती, डिस्क ब्रेक आहेत का, हे सगळे त्यानंतर.

दुकानात जाण्याआधी घरी पायाचे माप घ्या. नुसत्या उंचीवर जाऊ नका, कारण सारख्याच उंचीच्या दोघांच्या पायांच्या लांबीत चांगलाच फरक असू शकतो. अनवाणी भिंतीला पाठ टेकून उभे राहा. जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मांड्यांमध्ये उभे धरून, सीटवर बसल्यासारखे वर दाबा आणि त्याची वरची कड जिथे येईल तिथे भिंतीवर पेन्सिलीने खूण करा. जमिनीपासून खुणेपर्यंतचे सेंटिमीटर लिहून ठेवा. दुकानात मधल्या नळीच्या दोन्ही बाजूंना पाय टाकून उभे राहा. रस्त्यावरच्या सायकलीला नळी आणि अंग यांत दोन-तीन सेंटिमीटर, खडबडीत वाटेच्या सायकलीला पाच तरी अंतर हवे.

आता सीट. सगळ्यात जास्त गुडघे इथे दुखावतात. माझी धाकटी बहीण कोथरूडहून खडकवासल्याला जाऊ लागली आणि तिसऱ्याच आठवड्यात म्हणाली, “दादा, माझे गुडघे समोरून ठणकतात. सायकल आपल्याला झेपायची नाही.” सायकल बघितली. दोन्ही तळवे जमिनीला टेकावेत म्हणून दुकानदाराने सीट पार खाली बसवली होती. पायडल वर आले की तिचा गुडघा पोटाजवळ येत होता.

बसल्या बसल्या दोन्ही पाय जमिनीला टेकतात, याचा अर्थ बहुतेक वेळा सीट खाली आहे. भिंतीला धरून सीटवर बसा, पायडल अगदी खाली न्या आणि त्यावर टाच ठेवा. पाय सरळ व्हायला हवा. मग चवडा ठेवलात की गुडघ्यात हलका बाक राहतो. टाचेने उलटे पायडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलली, तर सीट जास्त वर गेली आहे. गुडघा मागून दुखणे हीसुद्धा त्याचीच खूण. आकडाच हवा असेल, तर भिंतीवरच्या मापाला ०.८८३ ने गुणा. बहिणीचे माप ७८, म्हणजे पायडलच्या दांड्यांच्या आसाच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत साधारण ६९ सेंटिमीटर. तिची सीट सात सेंटिमीटर खाली निघाली! एकदम वर नेली नाही, दर दोन दिवसांनी एकेक सेंटिमीटर चढवली. सीटच्या दांड्यावर कमाल उंचीची रेघ असते, ती दिसू लागली तर थांबा. त्यापुढे दांडा वाकतो किंवा फ्रेम तडकते.

पाय टेकणार नाहीत ही तिची भीती खरी होती. त्यावर उपाय थांबण्याच्या पद्धतीत आहे. ब्रेक दाबा, सीटवरून पुढे उतरा आणि एक पाय जमिनीवर टाका. मोकळ्या मैदानात दहा-बारा वेळा केले की अंगवळणी पडते.

तळहात बधिर होत असतील तर आधी सीटचे टोक खाली झुकलेय का ते पाहा. झुकलेल्या सीटवरून माणूस पुढे घसरतो आणि सगळा भार हातांवर येतो. सीट सपाट करूनही कोपर ताठच राहत असतील, तर हँडल लांब आहे. हँडल धरणारा आखूड स्टेम बसवून घ्या. त्यासाठी सीट पुढे ओढू नका, गुडघ्याचे गणित पुन्हा बिघडते.

हवेचा आकडा टायरच्या कडेवरच छापलेला असतो, अंगठ्याने दाबून अंदाज बांधू नका.

सगळे जमले की सीटच्या दांड्यावर, फ्रेमच्या तोंडाशी, रंगीत इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या. घरातले कोणी भाजी आणायला सायकल नेते, सीट खाली करते आणि तशीच ठेवते. टेप असली की पाना घेऊन अर्ध्या मिनिटात पुन्हा जागेवर येते.