टर्बो गाडीला कॅम टाकताय? आधी या चुका टाळा

गॅरेजमध्ये आठवड्यातून एक तरी फोन येतोच. "काका, कॅम कुठला टाकू?" कॅम म्हणजे इंजिनचे व्हॉल्व्ह, म्हणजे हवा-धुराच्या झडपा, उघडणारा दांडा. गाडी कुठली, धुराच्या जोरावर इंजिनात हवा कोंबणारा टर्बो कुठला, रोज किती चालते, याचा पत्ता नाही. थेट कॅम. इकडे हवेचे पाइप गळत असतात, प्लग दोन वर्षांत बदललेले नसतात, पण बोलणं सुरू होतं २७२ पासून, म्हणजे व्हॉल्व्ह किती अंश उघडे राहतात त्या आकड्यापासून.

त्या २७२ वरूनच सुरुवात करू. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणारा एक मुलगा जुनी ऑक्टाव्हिया आरएस घेऊन आला. १.८ लिटरचं २० व्हॉल्व्हचं टर्बो इंजिन, कंपनीतून १५० हॉर्सपॉवर. टर्बो मूळचाच, छोटा. बाहेरून रिमॅप मारलेला (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदललेली) आणि परदेशातून मागवलेले २७२ अंशांचे दोन्ही कॅम बसवलेले. तक्रार काय, तर "पिकअप गेला". फिरवून पाहिली. पूर्वी बाविसशे-तेविसशेला जोर धरणारी गाडी आता तीन हजारांच्या पुढे जागी व्हायची. सिग्नलला एसी लावला की आरपीएमचा काटा सातशे ते अकराशे झोके घ्यायचा. ब्रेकचं पेडलही मधूनच दगडासारखं लागायचं, कारण आयडलिंगला व्हॅक्यूमच पुरत नव्हतं. आणि वरच्या आरपीएमला, जिथे हा कॅम कामाला यायचा, तिथे त्या छोट्या टर्बोचाच दम संपलेला.

असं का होतं? एक्झॉस्टचा (धूर बाहेर टाकायचा) स्ट्रोक संपता संपता इनटेकचे (हवा आत घेणारे) व्हॉल्व्ह उघडायला लागतात. थोडा वेळ दोन्हीकडचे व्हॉल्व्ह उघडे राहतात, तो ओव्हरलॅप. बिनटर्बोच्या इंजिनात बाहेर जाणारा धूर ताज्या हवेला ओढून घेतो, म्हणून तिथे लांब ओव्हरलॅपचे कॅम शोभतात. छोट्या टर्बोचं उलट. टर्बाइनच्या तोंडाशी धूर तुंबलेला असतो आणि जोरात असताना तिथला दाब बऱ्याचदा इनटेकच्या बूस्टपेक्षा (टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबापेक्षा) जास्त भरतो. गर्दीच्या बसला एकच दार उघडावं आणि बाहेर फुटपाथवर जागाच नसावी, तशी गत. उतरणारे परत आत ढकलले जातात. गरम धूर सिलिंडरमध्ये राहिला की ताजी हवा कमी मावते, नॉकिंग (ठिणगीशिवाय मिश्रण आपोआप भडकणं) वाढतं, ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर ठिणगीचं टायमिंग मागे घेतो आणि तुमचे पैसे सायलेन्सरवाटे जातात.

त्या मुलाला मूळचे कॅम परत घालायला सांगितलं. त्याचा पहिला प्रश्न: "पण मग आवाज?" आवाजासाठीच घातले होते, हे तेव्हा कळलं.

बरं, २७२ म्हणजे तरी काय? कुठल्या लिफ्टला (व्हॉल्व्ह किती उघडल्यावर) मोजलेले अंश, हे विचारल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. व्हॉल्व्ह जेमतेम हलल्यापासून मोजलं तर २७२ भरणारा कॅम १ मिमी लिफ्टपासून मोजला की तीस-चाळीस अंशांनी सहज उतरतो. दोन कंपन्यांचे आकडे शेजारी ठेवून "हा मोठा, तो छोटा" ठरवणाऱ्यांना मी हात जोडतो. १ मिमीचे अंश, लिफ्ट आणि लोब सेपरेशन (इनटेक आणि एक्झॉस्टच्या लोबच्या, म्हणजे कॅमच्या उंचवट्यांच्या, शिखरांमधले अंश), हे तिन्ही सांगत नसेल त्या विकणाऱ्याकडून घेऊ नका. छोट्या टर्बोच्या रोजच्या गाडीत मी लोब सेपरेशन ११२ च्या खाली जाऊ देत नाही. व्हॉल्व्ह उघडे राहण्याचा कालावधी मूळच्यापेक्षा फार तर आठ-दहा अंश जास्त. लिफ्ट थोडी वाढली तर चालेल.

व्हॉल्व्ह मिटवणाऱ्या स्प्रिंग मूळच्याच ठेवणं ही आणखी एक खोड. बूस्टचा दाब इनटेक व्हॉल्व्हला पाठीमागून उघडायला बघतो. ३० मिमीचा व्हॉल्व्ह आणि १ बार बूस्ट धरला तर सात किलोच्या वर जोर होतो. दमलेली स्प्रिंग तिथेच हार मानते.

रिमॅप "नंतर बघू" म्हणून कॅम घालू नये. जुने कॅम घ्यायचेच असतील तर लोबवर नख फिरवून बघा, पॉलिशखाली खड्डे लपतात. साधं पेट्रोल भरणार असाल तर नॉकिंगचा विचार आधी करा.

आता माझी चूक. सुरुवातीच्या काळात अशाच एका इंजिनात कॅमबरोबर नवे हायड्रॉलिक टॅपेट (कॅम आणि व्हॉल्व्हच्या मध्ये बसणाऱ्या, तेलावर चालणाऱ्या वाट्या) टाकले. गिऱ्हाईक डोक्यावर उभं. "झालं का? झालं का?" मी दहा मिनिटांत चावी मारली. नवे टॅपेट तेलाने फुगलेले असतात, ते दबून बसायला अर्धा तास तरी लागतो. तोवर व्हॉल्व्ह पूर्ण बंदच होत नाहीत आणि पिस्टन त्यांच्यावर आदळतो. खट्ट आवाज आला आणि इंजिन तीन पायांच्या घोड्यासारखं चालू लागलं. कॉम्प्रेशन लावलं, दोन सिलिंडर शून्य. हेड उतरवलं तर व्हॉल्व्ह वाकलेले. नाना पेठेतून सामान आणलं, माझ्या खिशातून.

तेव्हापासून टॅपेट बसले की पाने पुसून ठेवतो आणि चहाला जातो. गिऱ्हाईक घाईत असेल तर त्यालाही नेतो. परत आल्यावर क्रँक हाताने दोन पूर्ण फेरे फिरवतो, पान्याला कुठे अडकतंय का ते बघत. अडकलं तर जोर लावायचा नाही, परत मोजायचं. या इंजिनात दोन कॅमना जोडणारी छोटी चेन असते. दोन्ही कॅमवरच्या खुणांमध्ये १६ रोलर यायला हवेत. मी मोजतो, मग पोऱ्याला मोजायला लावतो, माझा आकडा न सांगता. गेल्या महिन्यात त्याचे १५ आले आणि माझे १६. बरोबर तोच होता.