पुढची काच बदलताना चौकटीला गंज लागू नये यासाठी काय करावे

मोटारीची पुढची काच बदलून एक-दोन पावसाळे उलटले की काही गाड्यांत पायाखालचा गालिचा ओला राहू लागतो आणि कुबट वास येतो. माझ्या गाडीत असे झाले तेव्हा ए.सी.ची नळी तुंबली असावी, असे समजून मी कित्येक आठवडे घालवले. शेवटी काच उतरवावी लागली. चौकटीच्या वरच्या कोपऱ्यात पत्र्यावर गंजाची सरळ, वीतभर लांब रेघ होती. आधीची काच काढताना सुरी पत्र्याला घासली होती आणि तो ओरखडा तसाच ठेवून त्यावर नवी काच चिकटवली गेली होती.

पूर्वीच्या बऱ्याच गाड्यांत काच रबराच्या पट्टीत अडकवलेली असे. आताच्या गाड्यांत ती पॉलियुरेथेन नावाच्या चिकट द्रव्याने थेट चौकटीच्या रंगावर चिकटवतात. कारखान्यातील रंगाचे सगळे थर मिळून साधारण एक दशांश मिलिमीटर जाड असतात आणि काचेचे सगळे बळ त्यांच्यावर उभे असते. ओरखड्यातून ओल शिरली की गंज रंगाखालून पसरतो, रंग पत्र्यापासून सुटतो आणि द्रव्य कितीही पक्के असले तरी त्याची पकड जाते. अशी काच केवळ गळत नाही. अनेक गाड्यांत शेजारच्या आसनापुढची एअरबॅग फुगताना काचेचाच आधार घेते, आणि गाडी उलटली तर छप्पर दबू न देण्यातही काचेचा वाटा असतो. कोकणात, गोव्यात आणि मुंबईत खारी हवा या गंजाला खतपाणी घालते, म्हणून तिथल्या वाचकांनी हे अधिक मनावर घ्यावे.

काच बदलण्याआधी स्वतः तपासणी करावी. काचेच्या कडेलगतच्या रंगावर फोड आले आहेत का, कडेच्या रबराखालून तांबूस ओघळ येतो का, हे उजेडात पाहावे. वरचे दोन कोपरे आणि वायपरच्या जाळीजवळची खालची कड यांकडे विशेष लक्ष द्यावे. फोड दिसला तर तो टोकरू नये, फोटो काढून ठेवावा आणि काम देण्यापूर्वीच गॅरेजवाल्याशी बोलून घ्यावे. आपल्याकडील वाहन विम्यात काचेवर घसारा कापत नाहीत, परंतु गंज ही झीज समजली जात असल्याने त्याच्या दुरुस्तीचा खर्च आपल्यालाच करावा लागतो.

काच निघाल्यानंतरची दहा-पंधरा मिनिटे शक्यतो तिथेच उभे राहावे, कारण नवी काच बसली की हा पत्रा पुन्हा दृष्टीस पडत नाही. जुने द्रव्य पत्र्यापर्यंत खरवडून काढू देऊ नये. सुरीने तासून त्याचा एक-दोन मिलिमीटरचा सलग थर राखावा, कारण घट्ट बसलेल्या जुन्या थरावर नवे द्रव्य उत्तम धरते आणि खालचा रंगही शाबूत राहतो. तरीही ओरखडा पडलाच, तर तो स्वच्छ करून त्यावर द्रव्याच्याच कंपनीचा प्रायमर लावावा आणि डब्यावर दिलेल्या वेळेइतका सुकू द्यावा. हे पाच-दहा मिनिटांचे काम घाईत हमखास वगळले जाते, म्हणून ते आवर्जून सांगावे.

गंज आधीच असेल तर त्यावरून द्रव्य फिरवणे म्हणजे रोग झाकणे होय. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा दिसेपर्यंत घासावे, नंतर इपॉक्सी प्रायमर लावून तो पुरता वाळू द्यावा. चिकटवण्याच्या जागी लांबी (पत्र्यावरचे खड्डे बुजवण्याची पुट्टी) भरू देऊ नये, कारण काचेचा ताण सोसण्याचे बळ तिच्यात नसते. पत्र्याला भोक पडले असल्यास तेवढा भाग कापून नवा तुकडा वेल्डिंग करणे हाच उपाय आहे. यात गाडी एक-दोन दिवस गॅरेजमध्ये राहील, राहू द्यावी.

बसवताना व्हिनेगरसारखा उग्र आंबट वास आला तर काम थांबवावे. तो वास साध्या सिलिकॉनचा असतो; सुकताना त्यातून ॲसेटिक आम्ल सुटते आणि ते उघड्या पत्र्याला गंजवते. शिवाय सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी पुढे पॉलियुरेथेन धरत नाही, त्यामुळे गळतीवर वरून सिलिकॉन भरण्याचा मोहही टाळावा. योग्य द्रव्य टोकदार, उंच आणि कुठेही न तुटलेल्या धारेत सोडावे, आणि नव्या काचेला बोटांचा घाम लागण्याआधी तिची काळी कड पुसून तयार केलेली असावी.

गाडी किती तासांनी चालवता येईल, हे द्रव्याच्या वेष्टनावर पाहून विचारावे. हवेतील उष्णता आणि ओल यांप्रमाणे ती वेळ बदलते. पहिला दिवसभर एक खिडकी बोटभर उघडी ठेवावी, कारण बंद गाडीचे दार आपटले की आतल्या हवेचा दाब ओल्या द्रव्याला काचेसकट ढकलतो. दोन दिवस जोराच्या फवाऱ्याने गाडी धुऊ नये. त्यानंतर एकाने आत बसून विजेरीने कडा पाहाव्यात आणि दुसऱ्याने साध्या नळीने खालून वर सावकाश पाणी सोडावे. थेंब दिसला तर त्याच दिवशी गाडी परत न्यावी. पुढे दर पावसाळ्याआधी वायपरखालच्या जाळीत साचलेला पालापाचोळा काढावा, कारण तो भिजून राहिला की काचेची खालची कड कधी सुकतच नाही.